इंजिनाच्या दुरुस्तीचा अंदाज देताना तपासणीही लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची ओळख नेमाने येते. मायलेज, बूट स्पेस, एअरबॅग, टचस्क्रीन, सगळं वाचायला मिळतं. पण तीच गाडी वॉरंटी संपल्यावर रस्त्यात झटके मारू लागते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर हातात एक लांबलचक एस्टिमेट देतं, तेव्हा मालकाने काय करायचं, हे फारसं कुणी लिहीत नाही. या पत्रातून मला एकच मागणी मांडायची आहे. इंजिनाच्या दुरुस्तीचं एस्टिमेट देताना कोणती तपासणी केली, तिच्यात काय आढळलं आणि त्यावरून अमुक भाग खराब आहे हे कसं ठरवलं, हे त्याच कागदावर लिहून देणं प्रत्येक सर्व्हिस सेंटरला बंधनकारक असावं.

माझी नोकरी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत झाली. आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तपासणीचं नाव, मिळालेला आकडा, त्याचं एकक आणि शेजारी निरोगी माणसाची मर्यादा छापलेली असे. त्या कागदाशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देणारा डॉक्टर मी पाहिला नाही. इंजिन खोलणं हीसुद्धा मोठी शस्त्रक्रियाच आहे. मग तिथे फक्त भागांची यादी आणि खाली बेरीज, एवढ्यावर सही का मागितली जाते?

माझ्या गाडीचं सांगते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, वॉरंटी संपलेली. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, ऑइल ठरल्याप्रमाणे बदललेलं. एके दिवशी सिग्नलला थांबले असताना गाडी थरथरायला लागली. हिरवा दिवा लागल्यावर पिकअपच घेईना. चेक इंजिनचा दिवा पेटला आणि थोड्याच वेळात उघडझाप करू लागला. इथे सगळ्या वाचकांना आवर्जून सांगते. हा पिवळा दिवा स्थिर पेटलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर जपून गॅरेजपर्यंत नेता येते. पण तो उघडझाप करत असेल तर त्याचा अर्थ एखादा सिलिंडर मोठ्या प्रमाणात मिसिंग मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल पेटतच नाहीये. त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल धुराच्या मार्गाने पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले घातक वायू निवळणाऱ्या भागात जातं, तिथे जळतं आणि कन्व्हर्टर इतका तापतो की त्यातली जाळी वितळू शकते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो इंजिनाच्या बाहेरच्या सर्वांत महागड्या भागांपैकी एक. घरी पोहोचण्यापुरती चालवू, असा विचार तेव्हा करू नये. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि टो करून सर्व्हिस सेंटरला पाठवली.

दुसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं. पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर, हवेची वाट उघडणारी थ्रॉटल बॉडी, धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यावर इंजिन डिकार्बनायझेशन (आतली काजळी काढणं) आणि फ्लशिंग, आणि तळाला एक ओळ: ‘गरज पडल्यास इंजिन खोलावे लागेल, त्याचा खर्च वेगळा.’ बेरीज पाहिली तर गाडी आज विकली असती तर जे मिळालं असतं त्याच्या जवळजवळ निम्मी.

मी तिथल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला विचारलं, कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय? मुलगा नम्र होता, वागायला चांगला होता. त्याने स्क्रीन पाहून सांगितलं, कोड पी-०३०३ आहे.

हा कोड म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी स्वतः करणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना तशीच सक्ती २००१ पासून आली, आणि आता जगभरच्या गाड्यांत ती असते. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो, त्यात स्कॅनर लावला की साठवलेले कोड दिसतात. त्याआधी प्रत्येक कंपनीचा सॉकेट निराळा, कोड निराळे. आता पी-०३०० म्हणजे मिसिंग आहे पण एका सिलिंडरपुरतं नाही. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी-०३०३ म्हणजे तिसऱ्यात. गाडीतल्या संगणकाला हे कळतं कसं? प्रत्येक सिलिंडरमध्ये स्फोट झाला की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, किंचित वेग मिळतो. एखादा स्फोट चुकला की शाफ्ट तेवढ्या क्षणापुरता मंदावतो. क्रँकशाफ्टचा सेन्सर तो फरक टिपतो आणि पाळी कुणाची होती ते पाहून संगणक सिलिंडरचा नंबर लावतो.

म्हणजे कोड जागा सांगतो. कारण सांगत नाही. तिसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही याची मुख्य कारणं तीनच: ठिणगी पडत नाही, पेट्रोल नीट येत नाही, किंवा दाब तयार होत नाही. ठिणगी नसेल तर प्लग, कॉइल किंवा वायर. पेट्रोल नसेल तर इंजेक्टर किंवा त्याची जोडणी. दाब नसेल तर व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा किंवा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील. मी त्या मुलाला विचारलं, या तिघांपैकी काय तपासलं? तो आत जाऊन आला. म्हणाला, “मॅडम, कोडवरून एस्टिमेट बनवलंय. हे सगळं बदललं की प्रॉब्लेम राहणारच नाही.”

एका सिलिंडरचा कोड आणि चार इंजेक्टर. मी स्कॅनिंगचे पैसे दिले, कोड पुसू नका म्हणून सांगितलं आणि गाडी टो करून बाहेरच्या एका मेकॅनिककडे नेली.

कोड पुसू नका, हे सांगणं महत्त्वाचं होतं. कोड साठवताना संगणक त्या क्षणाची नोंदही ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन किती फेऱ्यांवर होतं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) किती गरम होता, इंजिनावर भार किती होता, गाडीचा वेग काय होता. थंड इंजिनाला मिसिंग येतं की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, यावरून कारण निम्मं हाती लागतं. कोड पुसला की, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी, ही नोंद जाते आणि पुढचा माणूस अंधारात काम सुरू करतो. दिवा पेटला की बॅटरी काढून पुन्हा लावा, तो जाईल, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये.

मेकॅनिकने आधी मलाच प्रश्न विचारले. कधी सुरू झालं, तापल्यावर वाढतं का, ऑइल कमी होतं का, शेवटचे प्लग कधी बदलले. मग त्याने तिसऱ्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, काढून पहिल्यावर लावली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. माझ्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आहे, एका बोल्टने बसवलेली, त्यामुळे अदलाबदलीला फार वेळ लागत नाही. इंजिन सुरू केलं, थोडा वेळ चालू दिलं, पुन्हा स्कॅनर लावला. आता कोड पी-०३०१. बिघाड कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला होता. इंजेक्टर तर जागचे हललेच नव्हते. म्हणजे कॉइल खराब, इंजेक्टर नाही. कुठलाही नवा भाग न घेता, फक्त जागा बदलून हे सिद्ध झालं. मी प्रयोगशाळेत काम केलं आहे, मला या तपासणीचं सौंदर्य फार भावलं.

तो तिथेच थांबला नाही, आणि हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॉइल का गेली, हे त्याने पाहिलं. तिसऱ्या प्लगच्या खोबणीत ऑइल साचलं होतं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं रबरी गॅस्केट उष्णतेने कडक होऊन चिरलं होतं, तिथून ऑइल झिरपत होतं आणि कॉइलचं रबर त्यात भिजून फुगलं होतं. नुसती कॉइल बदलली असती तर काही महिन्यांनी नवी कॉइलही तशीच गेली असती. मग त्याने चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, तपासला. चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते, म्हणजे इंजिन खोलायचं कारण नव्हतं. कॉइल बदलल्यावर गाडी चालवून स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पाहिला. पुढचा सेन्सर वरखाली होत होता, मागचा जवळजवळ सरळ रेषेत होता. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर असंच दिसतं. कन्व्हर्टर वाचला होता.

बदललं काय, तर एक कॉइल, चार प्लग, झाकणाचं गॅस्केट. जुने भाग त्याने खोक्यात घालून माझ्या हातात दिले. तपासणीचे पैसे त्याने वेगळे लावले आणि ते मी आनंदाने दिले. तरी एकूण बिल आधीच्या एस्टिमेटच्या अगदी लहानशा हिश्शाएवढं झालं.

आता याचा दोष त्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या मुलाला किंवा आतल्या मेकॅनिकला देऊन मी मोकळी होणार नाही. त्यांच्या कामाची रचनाच अशी आहे. बहुतेक मोठ्या कार्यशाळांत लेबरचा हिशेब आधी ठरलेल्या वेळेवर होतो. इंजेक्टर बदलायला इतके तास, हेड उतरवायला इतके तास, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काम प्रत्यक्षात लवकर झालं तरी बिलात तेवढेच तास धरले जातात, उशीर झाला तरी तेवढेच. भाग बदलण्याला तास आहेत. उभं राहून विचार करण्याला, वायर शोधण्याला, अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची वाट पाहण्याला तास एकतर नाहीत, नाहीतर अगदी तुटपुंजे आहेत. जो मेकॅनिक तासभर खर्च करून शोधून काढतो की एक कनेक्टर सैल आहे, त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. जो चार इंजेक्टर बदलतो त्याचा दिवस सुखाचा जातो. शिवाय अ‍ॅडव्हायझरवर महिन्याच्या विक्रीचं लक्ष्य असतं, आणि डिकार्बनायझेशन, फ्लशिंग, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट ही त्यातली सोपी भर. यातली बरीच कामं गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधून सापडत नाहीत. मॅन्युअलमध्ये नाही ते बिनचूक नाकारावं.

कोड दिसला की भाग बदल, ही सवय फक्त मिसिंगपुरती नाही. पी-०४२० हा कोड बघा. कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली, एवढंच तो सांगतो. त्यावर लगेच नवा कन्व्हर्टर सुचवला जातो. पण सेन्सरच्या आसपास सायलेन्सरच्या पाइपाला चीर असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल, किंवा सेन्सरच बिघडला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. कन्व्हर्टर खरोखर गेला असेल तरी तो का गेला हे पाहावं लागतं. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा मिसिंग मारत असेल तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलून देतात. खरं तर तो सेन्सर आपलं काम चोख करत असतो, म्हणून तर कोड आला! अशा वेळी फ्युएल ट्रिम हा आकडा विचारावा. संगणक आपल्या ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यात दिसतं. गाडी उभी असताना हा आकडा खूप वाढलेला आणि फेऱ्या वाढवल्यावर खाली येत असेल तर एखाद्या व्हॅक्यूम पाइपला गळती असण्याची शक्यता मोठी. उलट भार वाढला की आकडा वाढत असेल तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासायला हवा. रबरी पाइपाचा एक तुकडा आणि पेट्रोल पंप यांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक एका आकड्यात दिसतो.

माझ्या धाकट्या भावाचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्याची गाडी गर्दीत गरम व्हायची. काटा लालकडे सरकायचा. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, मशीनिंग करावं लागेल, आणखी काय निघेल सांगता येत नाही. त्याने मला फोन केला. मी विचारलं, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा कुठे असतो? म्हणाला, अगदी मधोमध. वेगात गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा द्यायचं काम पंख्याचं. जी गाडी धावताना थंड राहते आणि थांबल्यावर तापते, तिचा पंखा आधी पाहायला नको का?

हेड गॅस्केट गेलं आहे की नाही, हे हेड न उतरवता पाहण्याची सोपी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, तिच्यात निळं द्रावण असतं. कूलंटवर साठलेली हवा त्या द्रावणातून ओढून घेतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डाय-ऑक्साइडने द्रावण निळ्याचं पिवळं होतं. हे द्रावण म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू, आमच्या प्रयोगशाळेतलं ओळखीचं रसायन. मी भावाला सांगितलं, ही चाचणी करून माग आणि समोर उभा राहून रंग बघ. द्रावण निळंच राहिलं. पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, जळाला होता. काडेपेटीपेक्षा लहान वस्तू. तो बदलला, पंखा फिरू लागला, काटा जागेवर आला. ही चाचणी आधी झाली असती तर हेड उतरवण्याचं एस्टिमेट लिहिलंच गेलं नसतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊच नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. वॉरंटीच्या काळात तिथेच जावं. रिकॉल निघालं असेल, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या असतील, तर तो दोष कंपनी स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करते, तेव्हा चेसिस नंबर देऊन आपल्या गाडीचं काही रिकॉल बाकी आहे का हे अधूनमधून विचारावं. इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर, चावीचं कोडिंग, त्या मॉडेलची खास हत्यारं ही बहुधा तिथेच असतात. शिवाय कंपनी आपल्या सर्व्हिस सेंटरना वेळोवेळी तांत्रिक सूचना पाठवत असते: अमुक मॉडेलला अमुक लक्षण दिसलं तर आधी हे तपासा. इंजिनात मोठा बिघाड असेल तर आपल्या मॉडेलसाठी अशी सूचना निघाली आहे का, हे विचारायलाच हवं. आणि वॉरंटी नुकतीच संपली असेल, सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण असतील, तर खर्चाचा काही वाटा कंपनीने उचलावा अशी लेखी विनंती करता येते. ती मान्य करणं कंपनीच्या मर्जीवर असतं, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. म्हणून सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती जपावी, बाहेर केलेल्या सर्व्हिसिंगचीही, ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली.

काही खर्च टाळू नयेत, हेही सांगितलं पाहिजे. ज्या गाडीला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा) आहे तिचा बेल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा बदलावाच. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा पेटला तर त्याच क्षणी इंजिन बंद. अशा बाबतीत एस्टिमेटवर घासाघीस करत बसण्यात अर्थ नाही.

पण बाकी वेळी मालकाला विचारण्याचा हक्क आहे आणि विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोणते कोड आले, त्यांची छापील प्रत द्या. फ्रीझ फ्रेम द्या. हा भाग खराब आहे हे कोणत्या चाचणीने ठरलं, आकडा काय आला, तो किती असायला हवा होता? हा भाग बदलूनही बिघाड राहिला तर त्याचे पैसे कोण भरणार? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर एस्टिमेटमधल्या काही ओळी आपोआप गळतात, हा भावाचा आणि माझा दोघांचा अनुभव आहे. भागांचे पार्ट नंबर लिहून घ्यावेत. गाडी बनवणारी कंपनी इंजेक्टर, प्लग, सेन्सर बहुधा स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, एनजीके यांसारख्या उत्पादकांकडून घेते आणि आपल्या खोक्यात घालते. तोच भाग उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यात बाहेर मिळतो का, हे पार्ट नंबरवरून शोधता येतं. नकली मालाची भीती खरी आहे, म्हणून खरेदी खात्रीच्या विक्रेत्याकडून, बिल घेऊन. आणि बदललेले जुने भाग परत मागावेत, काम सुरू होण्याआधीच, लेखी.

त्याचबरोबर मालकांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. तपासणी फुकट नसते. “नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?” असं आपण मेकॅनिकला म्हणतो, तेव्हा त्याला भाग विकून पैसे काढण्याच्या वाटेला आपणच लावतो. ज्याने विचार करून आपला मोठा खर्च वाचवला त्याला त्या विचाराचा मोबदला मिळालाच पाहिजे. तपासणीचे वेगळे, चांगले पैसे आणि त्या बदल्यात आकड्यांसह लेखी निष्कर्ष, असा व्यवहार दोघांच्याही हिताचा आहे.

बाहेरच्या मेकॅनिकच्या हाती माहिती असेल तरच हे शक्य आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मतदान करून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. कंपनी आपल्या डीलरला जी दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं देते, ती वाजवी किमतीत स्वतंत्र मेकॅनिकलाही मिळाली पाहिजेत, असा त्याचा गाभा. पुढे २०१४ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनांनी तेच तत्त्व देशभर पाळण्याचा करार केला. आता गाड्या आपली माहिती बिनतारी थेट कंपनीकडे पाठवू लागल्या आहेत, म्हणून त्याच राज्यात २०२० मध्ये पुन्हा मतदान झालं आणि तोही प्रस्ताव मंजूर झाला. सोळा पिनांच्या सॉकेटला बगल देऊन माहिती दुसऱ्या वाटेने गेली तर माझ्या मेकॅनिकने पी-०३०३ वाचायचा कुठून? हा प्रश्न प्रत्येक गाडीमालकाचा आहे, आणि ज्या गाड्या आज शोरूममध्ये उभ्या आहेत त्यांच्याबाबत तर अधिकच.

मी गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र लिहिलं. सोबत दोन कागद जोडले: त्यांच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट, आणि बाहेरच्या मेकॅनिकने हाताने लिहून दिलेले कॉम्प्रेशनचे चार आकडे, कॉइलच्या अदलाबदलीची नोंद आणि बदललेल्या भागांची यादी. पैसे परत मागितले नाहीत, कारण स्कॅनिंगचे सोडले तर मी काही दिलेच नव्हते. एवढंच मागितलं, की जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार आणि करायचं काम या दोन रकान्यांच्या मध्ये आणखी एक रकाना घाला: केलेली चाचणी आणि तिचा निकाल. तो रकाना रिकामा असेल तर भागांची यादी छापलीच जाऊ नये, अशी सोय त्यांच्याच संगणकात करा. उत्तर आलं, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. तो विभाग कोणता आणि निर्णय कधी होईल, हे विचारणारं दुसरं पत्र मी पाठवलं आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे असंच एस्टिमेट असेल त्यांनीही आपापल्या गाडीच्या कंपनीला हीच मागणी लेखी कळवावी, आणि आपण वाहनविषयक पानावर एखाद्या जाणकार मेकॅनिककडून या चाचण्यांविषयी नियमित लिहून घ्यावं, ही विनंती. कंपनीचं उत्तर आलं की आपल्याला कळवेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ